खताने बी लवकर रुजतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे प्रश्न सुरू होतात आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमाराला पेरणीचे. विचारणारे वेगळे, पण प्रश्न बराचसा एकच असतो. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे लावले आहेत.

१. खत घातल्यावर बी लवकर रुजतं का? आधी हो की नाही तेवढं सांगा.

बहुतेक बियांच्या बाबतीत नाही. पातळ खताच्या पाण्यात बी साध्या पाण्याइतक्याच वेळात रुजतं. खत कडक झालं तर उशिरा रुजतं, किंवा रुजतच नाही. काही जातींच्या झोपलेल्या बिया नायट्रेटमुळे लवकर जाग्या होतात, तो अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

२. झाडाला खत लागतं, मग बियाला का नको?

बी झाडावरून निघतानाच शिदोरी बांधून निघतं. मूग, हरभरा, सोयाबीन यांच्या दोन डाळिंब्या म्हणजे साठवलेलं अन्नच. ज्वारी, गहू, भात यांच्या दाण्यातला पिठाळ भाग त्याच कामाचा. मूळ बाहेर येऊन पहिली पानं उघडेपर्यंत हा साठा पुरतो. बाहेरून लागतं ते पाणी, हवेतला प्राणवायू आणि पुरेशी ऊब. कोल्हापुरात मिसळीसाठी रोज कितीतरी मटकीला मोड आणले जातात, त्यात कुणी डीएपीसारखं रासायनिक खत टाकत नाही.

खत शोषायला मूळ लागतं आणि रुजण्याआधी मूळ बाहेर आलेलंच नसतं. तोवर बियाच्या दृष्टीने खत म्हणजे फक्त खारट पाणी. खाली जे काही लिहिलं आहे, ते बहुतेक या एका गोष्टीतून निघतं.

३. बी “रुजलं” असं नेमकं कधी म्हणायचं? फुगलं की मोड दिसला की रोप वर आलं की?

मूळ बियाचं साल फोडून बाहेर आलं की रुजलं. प्रयोगासाठी “मूळ निदान २ मिलिमीटर बाहेर” अशी खूण ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

फुगणं मोजू नका. मेलेलं बीसुद्धा पाण्यात फुगतं, कारण कोरडा दाणा पाणी खेचतो त्याला जिवंत असायची गरज नसते. त्यानंतर काही तास बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत श्वसन वाढतं आणि साठा फुटायला लागतो. मग मूळ बाहेर येतं. खारट पाण्याचा खरा त्रास या मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात होतो. म्हणून खताच्या ताटलीतल्या बिया टम्म फुगलेल्या दिसतात आणि तरी मोड येत नाही.

मातीत पेरलं तर मूळ दिसत नाही, कोंब वर आलेलाच दिसतो. ती “उगवण” झाली. तिच्यात पेरणीची खोली, ढेकळं, मातीवरची पापडी असं बरंच मिसळतं. रुजण्याचा वेग तपासायचा असेल तर ओला कागद किंवा कापडच बरं.

४. सातवीतल्या मुलीला प्रयोग करायचा आहे. कोणतं बी घेऊ?

मूग. ऊब असेल तर एक-दोन दिवसांत निकाल येतो, मूळ पांढरं असल्यामुळे हिरव्या सालावर लगेच दिसतं आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात कुठेही मिळतो. मटकी आणि मेथीही चालेल. कांदा आणि मिरची नको, त्यांना आठवडा किंवा जास्त लागतो आणि मुलांचा धीर सुटतो. कोथिंबीर तर मुळीच नको (प्रश्न १८).

सगळ्या ताटल्यांसाठी बी एकाच पुडीतलं घ्या. अर्धं या दुकानातलं आणि अर्धं त्या दुकानातलं घेतलं तर खत नव्हे, दुकानं तपासली जातात. फुटलेले, किडके दाणे आधीच निवडून टाका. बियाण्याच्या पिशवीतलं गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी मुलांच्या हातात देऊ नका, त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं.

५. खत कोणतं आणि किती घ्यायचं?

पाण्यात पूर्ण विरघळणारं १९:१९:१९ सोपं पडतं, कारण नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारख्या प्रमाणात येतात आणि तळाशी गाळ राहत नाही. फक्त “खत” आणि “बिनखत” अशा दोन ताटल्या ठेवल्या तर निकाल खताचा की मात्रेचा ते कळत नाही. लिटरला ०, १, ५, १० आणि २० ग्रॅम अशी उतरंड ठेवा.

एक ग्रॅम मोजायला गुजरीतल्या सराफाकडे जायची गरज नाही. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम खत विरघळवा. हे मूळ द्रावण आणि साधं पाणी निम्मं-निम्मं केलं की १० चं झालं. एक भाग द्रावण आणि तीन भाग पाणी म्हणजे ५ चं. पाच मिलिलिटर द्रावणात ९५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ चं. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम.

युरियाची गंमत वेगळी आहे, ती प्रश्न १५ मध्ये.

६. मांडणी कशी करायची? पाच वाट्यांत पाच-पाच बिया चालतील का?

पाच बियांवरून काहीच सांगता येत नाही. त्यातली एक मेली तर २० टक्के फरक! प्रत्येक मात्रेला १०० बिया घ्या, आणि त्या एकाच ताटात न ठेवता २५ बियांच्या चार ताटल्या करा. चार ताटल्यांत आपसातच किती फरक पडतो ते दिसतं, आणि तो दिसला की खताच्या फरकाकडे बघायची नजर येते. एवढी जागा नसेल तर मात्रांची संख्या कमी करा, बिया कमी करू नका.

ताटलीत टिश्यू पेपरच्या दोन घड्या, सगळीकडे मोजून सारखंच द्रावण, वर झाकण. बी ओलं हवं, बुडालेलं नको, कारण पाण्यात बुडालेल्या बियाला प्राणवायू कमी पडतो. ताटल्यांची जागा रोज आलटून-पालटून बदला. एक खिडकीत आणि एक फ्रिजच्या मागे असं ठेवलं तर ऊबच निकाल ठरवते.

आता ज्या ठिकाणी बहुतेक प्रयोग बिघडतात ते. कागद वाळायला लागला की मुलं त्यावर पुन्हा खताचंच पाणी घालतात. पण उडून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात दोन दिवस असं केलं तर ५ ग्रॅमची ताटली नुसती नावालाच ५ ग्रॅमची उरते. म्हणून पहिल्यांदा द्रावण घाला आणि नंतर कमी पडेल तेवढं फक्त साधं पाणी.

शेवटचं म्हणजे चिठ्ठ्या. मोजणाऱ्याला कोणत्या ताटलीत काय आहे ते माहीत नसावं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावायला सांगा आणि यादी त्यांच्याकडेच ठेवा. “खताचं लवकर येणार” असं मनात असलं की अर्धवट फुटलेलं बीसुद्धा रुजलेलं दिसतं.

७. मोजायचं कधी? आणि “वेग” आकड्यात कसा सांगायचा?

मूग असेल तर १२-१२ तासांनी, ठरलेल्या वेळी. शेवटी एकदाच मोजलं तर किती रुजले ते कळतं, किती लवकर ते कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेगासाठी सरासरी वेळ काढा. प्रत्येक वेळी नव्याने रुजलेल्या बिया गुणिले तोवरचे तास, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण रुजलेल्या बिया. समजा ५० पैकी साध्या पाण्यात २४ तासांनी १०, ३६ तासांनी आणखी ३० आणि ४८ तासांनी ८ रुजल्या. बेरीज १७०४, भागिले ४८, म्हणजे ३५.५ तास. खताच्या पाण्यात याच वेळांना ४, २२ आणि २२ रुजल्या तर १९४४ भागिले ४८, म्हणजे ४०.५ तास. दोन्हीकडे रुजल्या ४८ च, म्हणजे ९६ टक्के. टक्केवारी बघणारा म्हणेल काही फरक नाही. पण खताची ताटली पाच तास मागे आहे.

८. खताच्या ताटलीत ८८ आणि साध्या पाण्यात ८३ रुजल्या. खत जिंकलं ना?

नाही, एवढा फरक नशिबानेही पडतो. साधारण ८५ टक्के रुजणाऱ्या बिया शंभर-शंभर घेतल्या, तर दोन गटांत दहापर्यंतचा फरक खत नसतानाही दिसू शकतो. पंचवीस-पंचवीस घेतल्या तर पाच बियांचा फरकही मनावर घेऊ नका. खात्री करायची तर सगळा प्रयोग पुन्हा करा. पुन्हा तसंच आलं, आणि चारही ताटल्यांत तसंच आलं, तर बोलायला जागा आहे. बियाणं तपासणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही एका नमुन्याच्या ४०० बिया तपासतात, त्या याच कारणासाठी.

९. आमच्या कुंडीतल्या प्रयोगात खताची रोपं दहा दिवसांत स्पष्ट उंच झाली. म्हणजे खताने रुजणं लवकर झालं, बरोबर?

ही वाढ झाली, रुजणं नव्हे. शिदोरी संपत आली की मुळं मातीतून अन्न घ्यायला लागतात, आणि तिथे खताचा उपयोग सुरू होतो. उंची हा वेगळा प्रश्न म्हणून जरूर मांडा, पण तक्त्यात “रुजण्याचा वेग” या मथळ्याखाली उंची लिहू नका. प्रदर्शनातल्या तक्त्यांवर ही गफलत सर्रास दिसते, आणि परीक्षकही बऱ्याचदा ती सोडून देतात.

१०. कडक खतात बी उशिरा का रुजतं? जळतं का?

दोन्ही होऊ शकतं. पहिली गोष्ट ओढाताणीची. पाण्यात क्षार वाढले की बियाला तेच पाणी आत ओढणं जड जातं. बी ओलं असूनही तहानलेलं राहतं. दुसरी गोष्ट विषारीपणाची. काही घटक, विशेषतः अमोनिया, कोवळ्या मुळालाच इजा करतात.

यातलं कोणतं झालं ते ओळखायची युक्ती अशी: उशीर झालेल्या बिया साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन नव्या कागदावर ठेवा. भराभर मोड आले तर नुसती ओढाताण होती. मुळाची टोकं तपकिरी पडली, मऊ झाली, तर इजा झाली. शाळेच्या प्रयोगाला हा टप्पा जोडला की प्रयोगाला खरा अर्थ येतो, आणि तो फारसं कुणी करत नाही.

११. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. नळाचं घेऊ का?

सगळ्या ताटल्यांना एकच पाणी असेल तर तुलना खरी राहते. पण मचूळ पाण्यात क्षार आधीच असतात, म्हणजे तुमची “शून्य” ताटली शून्याची नसते. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीत उगवण विरळ होते, तिथेही ओढाताण हीच. नळाचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून वापरलं तरी पुष्कळ.

१२. डिसेंबरात बी रुजायला फार वेळ लागतोय आणि वर बुरशी येतेय. काय करू?

दोन्हीचं कारण बरंचसं थंडी. रात्री गारठा पडला की मूग सुस्तावतो, आणि बी जितका वेळ ओलं पडून राहतं तितकी बुरशीला संधी मिळते. झाकलेल्या ताटल्या एका मोठ्या खोक्यात एकत्र ठेवा, म्हणजे ऊब सगळ्यांना सारखी मिळेल. पाणी कमी करा, हात आणि ताटल्या स्वच्छ ठेवा, सडलेलं बी मोजून नोंद करून बाहेर काढा.

शेवटी न रुजलेल्या बिया बोटाने दाबून बघा. मऊ लिबलिबीत झालेल्या मेलेल्या. दगडासारख्या टणक राहिल्या त्या गणंग, त्यांच्या सालातून पाणीच आत गेलेलं नसतं. मूग-मटकीत असे दाणे निघतातच. त्यांचा दोष खताला लावू नका, वेगळ्या रकान्यात लिहा.

१३. पण पोटॅशियम नायट्रेटमुळे बी लवकर रुजतं असं वाचलं. मग प्रश्न १ चं उत्तर चुकलं का?

नाही, हाच तो अपवाद. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळांत टोमॅटो, मिरची यांसारख्या ताज्या, सुप्तावस्थेतल्या बियांसाठी ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेट वापरतात, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. पण इथे नायट्रेट अन्न म्हणून काम करत नाही, निरोप म्हणून करतं. बियाला झोपवून ठेवणारं अॅबसिसिक आम्ल असतं, ते मोडायला नायट्रेट चालना देतं. अनेक तणांच्या बारीक बियांनाही हा निरोप कळतो. मातीत नायट्रेट साचलंय म्हणजे ते शोषणारी दुसरी झाडं जवळ नाहीत, असा त्याचा अर्थ लागतो.

जे बी झोपलेलंच नाही त्याला उठवायचं काय? मुगावर याचा परिणाम दिसत नाही तो म्हणून.

मोठ्या मुलांना तपासायचं असेल तर तीन गट करा: साधं पाणी, लिटरला २ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि लिटरला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. शेवटच्या दोन्हींत पालाश जवळपास सारखं येतं. फक्त नायट्रेटची ताटली पुढे गेली तर श्रेय नायट्रेटचं. हे द्रावण मोठ्यांनी करावं आणि पोटॅशियम नायट्रेटचा पुडा आगपेटी-गॅसपासून लांब ठेवावा, ते ज्वलनाला मदत करतं.

१४. जीवामृत, गोमूत्र, रायझोबियम यांनी उगवण लवकर होते का?

रायझोबियम हे जिवाणू संवर्धन आहे. ते मुळांवर गाठी आणून हवेतलं नत्र मिळवून देतं, आणि गाठी येतात त्या रुजल्यानंतर. उगवण लवकर होत नाही म्हणून ते सोडू नका, त्याचं काम वेगळं आहे. गोमूत्र मात्र कडक वापरलं तर युरिया आणि क्षारांमुळे प्रश्न १० सारखंच होतं. जीवामृत-बीजामृत म्हणजे शेण-गोमूत्राची घरी केलेली द्रावणं, ती प्रत्येक घरची वेगळी, त्यामुळे एका घरचा निकाल दुसऱ्याला लागू पडत नाही. तपासायचं असेल तर बाजूला त्याच वेळी साध्या पाण्यात भिजवलेलं बी ठेवाच. पुष्कळदा फायदा भिजवण्याचा असतो आणि नाव द्रावणाचं होतं.

१५. सोयाबीन पेरताना बी आणि खत एकत्र मिसळून पेरलं तर चालतं का? काम वाचतं.

काम वाचतं पण उगवण जाते. दाण्याला चिकटून पडलेलं खत थोड्या ओलीत विरघळतं आणि दाण्याभोवती अतिशय कडक द्रावण होतं. पाऊस भरपूर झाला तर धुऊन जातं. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर नुकसान ठरलेलं. युरिया आणि डीएपीतून अमोनियाही सुटतो. सोयाबीनच्या दाण्यात युरिया फोडणारं युरिएज हे विकर भरपूर असतं, म्हणून युरियाच्या पाण्यात भिजवलेलं सोयाबीन स्वतःच अमोनिया तयार करून घेतं. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) खत बियाच्या खाली आणि बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर पडेल असं पेरा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरतात, तिथे बी पावसाची वाट बघत पडून असतं, म्हणून ही काळजी जास्त.

पेरणीआधी घरचं बियाणं तपासायला खत लागत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेने ठेवून गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठवड्याने चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचं एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी आले तर त्या हिशेबाने वाढवा. आणि सोयाबीन रात्रभर पाण्यात भिजवू नका. त्याचं साल पातळ असतं, पाणी झपाट्याने आत शिरलं की दाण्याला आतून इजा होते.

१६. भाताचं बी तर मिठाच्या पाण्यात घालतात! तिथे खारट पाणी कसं चालतं?

तिथे मीठ निवडायला असतं. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकलं की पाणी जड होतं, पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. काम काही मिनिटांचं. नंतर तळचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवतात. धुणं विसरलात तर तरवा (लावणीसाठीची भाताची रोपं) विरळ येईल.

१७. उसाच्या बेण्याचं काय? तिथे खताचा फायदा होतो असं गावात म्हणतात.

गावात बरोबर म्हणतात, पण ती बियाची गोष्ट नाही. कांडीवरचा डोळा फुटतो, तो आईच्या उसातल्या साखरेवर आणि अन्नद्रव्यांवर. म्हणून बेणेमळ्यातला ऊस खत-पाण्यावर चांगला पोसलेला आणि कोवळा, साधारण नऊ ते अकरा महिन्यांचा असावा लागतो. खताचा फायदा बेणं तोडायच्या आधी होतो. साखर कारखान्याला जायच्या जुन्या, पक्व उसाचं बेणं काढून त्याला लावणीत जास्त युरिया दिला म्हणून डोळे लवकर फुटत नाहीत.

१८. शंभर धणे पेरले आणि ११० रोपं आली. खताने बी वाढलं का?

धणा हे फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात, म्हणून धणे रगडून दोन पाकळ्या करून पेरतात. अख्खे पेरले तर एका जागी दोन रोपं येऊ शकतात आणि टक्केवारी शंभराच्या वर जाते. बीटचंही असंच, त्याचा “दाणा” म्हणजे बऱ्याचदा बियांचा गुच्छ असतो. यांचा प्रयोग करायचाच असेल तर “निदान एक मूळ आलेले दाणे” असं मोजा.

१९. निकाल “काहीच फरक नाही” असा आला. सर म्हणतात, प्रयोग फसला.

फसलेला नाही, पातळ मात्रांत प्रश्न २ प्रमाणे हे अपेक्षितच आहे. तक्त्यावर मात्रा, बियांची संख्या, सरासरी तास आणि चारही ताटल्यांचे आकडे लिहा. त्याशेजारी २० ग्रॅमच्या ताटलीतला उशीर आणि धुतल्यानंतर आलेले मोड दाखवा. परीक्षक आपोआप थांबतील.

२०. प्रयोगानंतर उरलेले मोड आलेले मूग उसळीला वापरू का?

खताच्या पाण्यातले अजिबात नाही, कोंबड्यांना किंवा गुरांनाही नको. मातीत पुरून टाका. साध्या पाण्यातले मूग किराणा दुकानातले असले तरी दोन दिवस हाताळलेले, टिश्यूवर पडलेले असतात, तेही सोडून द्या. उरलेलं द्रावण वीसपट पाणी घालून जास्वंदीला किंवा अंगणातल्या झाडाला घालता येईल.